माशाचं खोटं, वाऱ्याचं खरं

वेरावळ बंदरात वेलजी तांडेल खोटं बोलतो असं कुणी म्हटलं तर त्यात निंदा नसे. एखाद्याचा गळा गोड असतो, एखाद्याच्या हातून जाळ्याची गाठ सुबक बसते, तसं वेलजीचं खोटं. वायरलेसवर तो कण्हत म्हणाला, "काही नाही रे इथे, चार मांदेल्या आणि एक फाटकी चप्पल," की तीस मैलांवरच्या होड्या सुकाणू वळवून त्याच्याकडे निघायच्या. "पापलेटच पापलेट! होडी बुडते आता!" असं ओरडला, की त्या बाजूला बगळासुद्धा फिरकायचा नाही. एकदा म्हणे तो इतकं मन लावून खोटं बोलला की दुपारपर्यंत त्याला स्वतःलाच ते पटलं. मग तोच तिकडे गेला आणि रिकाम्या जाळ्यानं परत आला. हे मला सांगणारा माणूस वेलजीच्याच होडीवरचा स्वयंपाकी, भंडारी होता, म्हणजे अर्धं तरी खरं धरायला हरकत नाही.

पण मासेमारीवर जगणाऱ्या खारव्यांची दर्यावर एक रीत आहे. माशाबद्दल हवं तेवढं खोटं बोला, सख्ख्या भावाला चकवा, त्यात पाप नाही. वाऱ्याबद्दल मात्र खोटं बोलायचं नाही. वारा कुठला, लाट कशी, आभाळाचा रंग काय, हे वैऱ्यानं विचारलं तरी खरं सांगायचं. ज्याच्याशी सोयरीक मोडली, ज्यानं आपलं जाळं कापलं, त्यालाही. ही रीत कधी कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

आणि ती मोडल्याचा आळ त्या वर्षी वेलजीवर आला होता.

झालं असं. नवरात्राच्या आधी बंदरावरून वादळाचा इशारा आला. वेलजीनं आभाळ बघितलं, त्यालाही ते बरं दिसेना. त्यानं सगळ्यांच्या चॅनलवर सांगितलं, "पोरांनो, घरी चला." सगळे निघाले. वाटेत वेलजीच्याच होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला आणि तो मागे राहिला. वादळ गेलं ओमानला. दर्या गोठलेल्या तुपासारखा पडून राहिला. आणि मोकळ्या पाण्यात एकट्या तरंगणाऱ्या वेलजीच्या जाळ्यात इतकी सुरमई शिरली की तो बंदरात शिरला तेव्हा त्याच्या 'शिकोतर कृपा' होडीचा काठ पाण्याला टेकला होता.

त्यानं दर्याच्या देवीची, शिकोतर आईची शपथ घेतली, पंख्यातून काढलेला दोर आणून दाखवला. लोक म्हणाले, दोर काय, दोर माझ्याही घरी आहे.

सगळ्यांत जास्त लागलं ते जेठोचं बोलणं. जेठो म्हणजे वेलजीच्या लेकीचा, मोंघीचा नवरा. याच हंगामात तो तांडेल, होडीचा कप्तान, झाला होता, 'हरसिद्धी' नावाची नवी होडी त्याच्या हाती आली होती आणि पाच-सात तरुण तांडेल त्याच्या शब्दावर चालायचे. बंदरावर चारचौघांत तो म्हणाला, "वाऱ्यावर खोटं बोलणारा पहिला खारवा बघायचाय? माझ्या सासऱ्याला बघा." त्या दिवसापासून तो सासरी चहाला आला नाही. समोर आला तर मान डोलवायचा, तीही दुसरीकडे बघून.

दिवाळी झाली. होड्या पुन्हा दूरच्या पाण्यात निघायच्या होत्या. बंदराच्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर सगळे तांडेल जमले, कारण निघण्याआधी हवामानाचा काथ्याकूट केल्याशिवाय कुणी दोर सोडत नसे. बंदरावरच्या खोलीतून एक मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ हवामान वाचायची. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे तिला पवनबेन म्हणत. भोंग्यातून तिचा आवाज आला: खोल दर्यात हवेचा दाब कमी होतोय, सध्या धोका नाही, पण ऐकत राहा.

"ऐकत राहा म्हणजे काय?" एक जण म्हणाला. "जाऊ की नको ते सांग ना बाई."

जेठोनं मोबाइल पुढे केला. त्यावर रंगीत नकाशा होता, मधे लाल ठिपका. "हे बघा. बाण ओमानकडे. नवरात्राआधीही ओमानकडेच होता. सगळी वादळं ओमानचे जमाई आहेत, तिकडेच जातात जेवायला."

टपरी हसली. वेलजीही हसला, मग म्हणाला, "जमाईराज, बाणाच्या भोवती ती पिवळी झूल आहे ना, तीही बघा. बाण एकच आहे. झूल किती मोठी आहे! वादळ झुलीत कुठूनही जाऊ शकतं."

"बापा," जेठो चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "तुम्ही माशाचं सांगा. ते ऐकायला मजा येते. वाऱ्याचं राहू द्या."

कुणी हसलं नाही. लखम भंडारी, जो वेलजीच्या होडीवर रोटले थापायचा आणि वेलजीला उलट बोलायचा, दोन्ही कामं गेली वीस वर्षं, त्यानंसुद्धा ग्लासात तोंड खुपसलं.

धक्क्यावर मोंघी आली होती, डोक्यावर बर्फाची पाटी. बापाच्या होडीत बर्फ ओतून ती नवऱ्याच्या होडीकडे जायला निघाली आणि मधेच थांबली.

"बापा, तो ऐकत नाही तुमचं, माहीत आहे. पण तुम्ही त्याच्याकडे बघा."

"बघतो की. तो माझ्याकडे बघत नाही."

"तमाशा नको. परत आणा."

वेलजीला थट्टा सुचली होती, पण पोरीचं तोंड बघून त्यानं ती गिळली.

नैऋत्येला खूप आत, जिथे पाणी हिरव्याचं निळं आणि निळ्याचं काळं होतं, तिथे वीस होड्या पांगल्या. मासा बरा होता. तिसऱ्या सकाळी पवनबेनचा आवाज आला. जिथपर्यंत तिचा वायरलेस पोचत नसे तिथे जवळची होडी पुढच्या होडीला शब्द न शब्द सांगायची, त्यामुळे तिचा निरोप पोचेपर्यंत चार गळ्यांतून आलेला असे. आज मात्र तो थेट आला, खरखरत. कमी दाबाचं आता वादळ झालंय. ओमानकडे जाण्याची शक्यता अधिक. ईशान्येकडे वळण्याचीही शक्यता आहे. खोल दर्यातल्या होड्यांनी परत फिरावं.

"शक्यता!" जेठोचा आवाज लगेच चॅनलवर. "शक्यता काय रोटल्याबरोबर खायची? हिचं दोन्हीकडे बरोबर. ओमानला गेलं तरी मी सांगितलं होतं, इकडे आलं तरी मी सांगितलं होतं."

वेलजी मात्र विचार करत राहिला. पवनबेन 'अधिक' हा शब्द रोज कसा म्हणते ते त्याच्या कानात बसलं होतं. आज तो तिनं घाईनं म्हटला होता आणि 'ईशान्येकडे'पाशी ती श्वास घ्यायला थांबली होती. पण नुसत्या श्वासावर होड्या परतवता येत नाहीत. तो मागच्या फळीवर जाऊन बसला, तोंड नैऋत्येला करून.

वारा नव्हता. पाण्यावर सुरकुती नव्हती, तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. आणि त्या गुळगुळीत पाण्यातून लाटा येत होत्या. फेस नाही, आवाज नाही. लांबलचक, रुंद पाठीच्या, एका मागून एक. हरजीची 'खोडियार' समोर दिसायची आणि मग डोलकाठीसकट नाहीशी व्हायची, जणू कुणी ती खिशात टाकली. पुन्हा वर यायची तेव्हा खलाशी तिथेच उभे, विडी ओढत. अख्खा दर्या उभा राहत होता आणि बसत होता, आणि लखमच्या चुलीवरचा चहा हिंदकळत नव्हता. होडीखालून टेकड्या चालत जात होत्या आणि होडीला धक्का लागू नये म्हणून पाऊल जपून टाकत होत्या. वेलजीनं चाळीस पावसाळे दर्यावर काढले होते, तरी त्यानं आपोआप हात जोडले.

मग तो बघत बसला. या लाटा जिथून निघाल्या तिथे वादळ होतं, एवढं तर कुठलाही खारवा सांगेल. प्रश्न वादळ कुठे जातंय हा होता. वादळ ओमानकडे चाललं असेल तर लाटांचा कोपरा हळूहळू सरकेल, सकाळी नैऋत्य असेल तर दुपारी पश्चिमेकडे ढळेल. वेलजीनं होडीची नाळ, पुढचं टोक, लाटेवर धरली आणि ड्रायव्हर अरजणला सांगितलं, "इंजिन हळू ठेव, नाळ लाटेलाच लागून ठेव. होकायंत्र किती सरकतं ते मला सांग."

सूर्य चढला. "किती?"

"तिथेच आहे."

लखमनं मासळीचं कालवण वाढलं. वेलजीनं ताट मांडीवर घेतलं ते तसंच राहिलं. "आता?"

"तांडेल, तिथेच. केसभरही नाही."

कोपरा सरकत नव्हता. म्हणजे ते सरळ इकडेच येत होतं.

आणि तेवढ्यात आभाळ बोललं. नैऋत्येच्या कडेवरून पांढरे पट्टे वर आले. कुणी चुन्यात हात बुडवून निळ्या भिंतीवर पंजा उमटवावा, तसे एकाच जागेतून फाकलेले. फक्त भिंतीवरचा पंजा वाढत नाही. हा वाढत होता. जेवण होईतो त्याची बोटं डोक्यावरून पलीकडे गेली. सूर्याभोवती तांब्याच्या रंगाचं कडं पडलं. लखम पाण्याचा डबा भरायला उठला आणि डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

"तांडेल, ते काय येतंय?"

पाण्यावरून एक धूसर ढग येत होता, होडीच्या उंचीवर. जवळ आला तेव्हा कळलं की ते चतुर आहेत. हजारो, लाखो, काचेच्या पंखांचे चतुर. किनारा इतका दूर, आणि हे कुठून आले हे दर्याला माहीत. ते डोलकाठीवर बसले, दोरांवर बसले, जाळ्याच्या बोयांवर, अरजणच्या टोपीवर, लखमच्या कणकेवर. जागा उरली नाही तेव्हा एकमेकांवर बसले. अख्खी होडी चमकायला लागली, लग्नातल्या नवरीसारखी. आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. ईशान्येला. पाठ सगळ्यांची वादळाकडे.

"हे बघ," वेलजी हळू आवाजात म्हणाला. "यांनी नकाशा बघितला नाही, पवनबेनला ऐकलं नाही. आणि पवनबेननं यांना बघितलं नाही. दोघं एकच म्हणतायत."

त्यानं वायरलेस उचलला, सगळ्यांचं चॅनल. "वेलजी बोलतोय. लाट नैऋत्येची, सकाळपासून कोपरा सोडलेला नाही. आभाळात पंजा उठलाय. वादळ वळलंय. जाळी उचला आणि चला. वाऱ्याचं बोलतोय मी, माशाचं नाही."

मग जेठो, अगदी शांतपणे: "कुठे सापडलाय, बापा?"

"काय सापडलाय?"

"मासा. ज्यासाठी आम्हाला घालवताय."

कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग चॅनलवर वीस होड्यांचा हशा. हरजी, वेलजीचा लहानपणापासूनचा दोस्त, तोसुद्धा म्हणाला, "वेलजी, पुन्हा पंख्यात दोर अडकला का रे?"

वेलजीनं वायरलेस खाली ठेवला. वीस होड्या, प्रत्येकीत नऊ-दहा माणसं, एकीत मोंघीचा नवरा; आणि त्याच्या तोंडातला खरा शब्द चलनातून गेला होता.

"आपण तर निघू," अरजण म्हणाला. "आपला जीव वाचवू."

"आणि धक्क्यावर उतरून मोंघीला काय सांगू? मी सांगितलं होतं म्हणून?"

तो फळीवर बसून राहिला. चतुर त्याच्या मनगटावर चढले. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत जे आलं ते बघून लखम घाबरला. ते त्यानं वीस वर्षं ओळखलं होतं.

"तांडेल, नाही. आत्ता नाही."

"लखम, माझं खरं कुणी घेत नाही. पण माझं खोटं अजून विकलं जातं की नाही?"

वेलजी आणि हरजीचं एक चोरचॅनल होतं. तिथे दोघं एकमेकांना मासा खरा कुठे आहे ते सांगायचे, आणि अख्ख्या बंदराला ते चॅनल माहीत होतं. दोघं तिथे गेले की वीस होड्या श्वास रोखून ऐकायच्या. हे हरजीला माहीत नव्हतं. वेलजीला होतं.

पण पाठवायचं कुठे? वेरावळच्या तोंडाशी मासा आहे म्हटलं तर बोयासुद्धा हसला असता, आणि तशीही या लाटेत वेरावळचं तोंड धड राहणार नव्हतं. पूर्वेला, लांब, जाफराबादच्या बाजूला शियाळ बेट होतं. त्याच्या आडोशाला वादळ पोचलं तरी दात मोडून पोचलं असतं. रात्रभराची वाट. आत्ता निघालं तरच.

त्यानं चॅनल बदललं, आवाज खाली आणला, तोंडाला हात लावला. "हरजी. एकटा आहेस?"

"बोल की."

"शियाळ बेट. मागच्या अंगाला. घोळ."

घोळ म्हणजे पोटात सोन्याच्या भावानं विकली जाणारी पिशवी असलेला मासा. आयुष्यात एकदा थवा लागतो आणि माणूस पक्कं घर बांधतो.

"किती?" हरजीचा आवाज चिरकला.

"माझ्या साडूचा फोन आला होता निघताना. म्हणतो, पाण्यावर पाय ठेवून चालत जाशील. म्हणून तर सगळ्यांना वादळाचं सांगून घरी पाठवत होतो. पोरं शहाणी झाली रे, ऐकेनात. तू गुपचूप निघ. मी मागून येतो. कुणाला बोलू नकोस."

"आईची आण," हरजी म्हणाला, आणि लगेच 'खोडियार'चं इंजिन खोकलं.

लखमनं कपाळावर हात मारला. "आज वाऱ्याचं खरं सांगून ते खोटं होतं असं कबूल केलंस. आता या जन्मात तुझं कोण ऐकणार?"

"जन्म राहिला तर बघू."

पुढच्या घटकेत जे झालं ते बघायला हवं होतं. सगळ्यांच्या चॅनलवर एकदम आजार पसरला. एकाच्या खलाशाच्या पोटात दुखायला लागलं, एकाचा बर्फ वितळला, एकाला आठवलं की मेहुण्याचं लग्न आहे. एकेक होडी जाळं ओढून घेऊ लागली, आणि सगळ्या घरी चालल्या होत्या, फक्त प्रत्येकीचं घर पूर्वेला होतं.

'हरसिद्धी' मात्र जागची हलली नाही. तिच्याभोवती जेठोच्या शब्दावर चालणाऱ्या पाच होड्या, त्याही थांबलेल्या.

"तो ओळखतो तुला," लखम म्हणाला. "त्याला कळलं."

नैऋत्येची कड आता निळी राहिली नव्हती. तिथे एक भिंत उभी राहिली होती, खाली शाईसारखी, वर पितळेसारखी. लाटेवर चढलं की दिसायची, उतरलं की नाहीशी व्हायची, आणि दर वेळी वर आल्यावर ती थोडी उंच असायची. आवाज नव्हता. एवढी मोठी गोष्ट आणि इतकी मुकी, हे बघून अरजणनं चपला काढून ठेवल्या, देवळात काढतात तशा.

वेलजीनं सगळ्यांचं चॅनल लावलं. आवाजात जेवढा गोडवा आणता येईल तेवढा आणला.

"जमाईराज, तुम्ही थांबताय ते बरं केलंत. इथेच थांबा. पूर्वेला काही नाही. कुणी काही म्हणालं तरी ऐकू नका. आमचं काय, आम्ही म्हातारे, घरी निघालो. तुमचं जाळं इथेच बरं."

मग 'हरसिद्धी'वरून एक शिवी आली, जी सासऱ्याला देत नाहीत. मग जेठोचा आवाज, रागानं थरथरणारा: "सगळ्या जगाला घोळ वाटली! हरजीकाकाला, त्या लंगड्या तुळशी तांडेलाला, सगळ्यांना! आणि घरच्या माणसाला म्हणे इथेच थांब! ओढा रे जाळं! न येईल तेवढं कापा! मी या म्हाताऱ्याच्या आधी पोचलो नाही तर नाव बदलीन!"

'हरसिद्धी'च्या धुराड्यातून काळा धूर निघाला आणि ती 'शिकोतर कृपा'च्या बाजूनं अशी गेली की तिच्या पाण्यानं वेलजी नखशिखांत भिजला. मागून पाच होड्या. वेलजी भिजलेला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून हसू फुटेना, रडूही फुटेना.

"चल अरजण," तो म्हणाला. "आता पळ."

रात्रभर वारा पाठीशी वाढत गेला. चतुर एकेक करून उडाले नाहीत. ते होडीबरोबरच आले, दोरांना घट्ट धरून.

सकाळी शियाळ बेटाच्या आडोशाला वीस होड्या पोचल्या, एकमेकींना टेकून, दोर देऊन उभ्या. पाणी तिथेही उसळत होतं, पण बेटाचा खडक लाटेला छातीवर घेत होता. सगळी जाळी तयार होती. सगळे तांडेल पाण्याकडे बघत होते. पाण्यात काही नव्हतं.

जेठो होडीवरून होडीवर उड्या मारत आला. मागून हरजी, ज्याला आत्ता कुठे चोरचॅनलचं गुपित कळलं होतं, आणि तो दुप्पट चिडला होता.

"घोळ कुठाय?" जेठो म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाहीच. साडूला दोन वर्षांत फोन केलेला नाही. मी खोटं बोललो."

"माझं जाळं कापलंय तिकडे! नवंकोरं!" जेठोनं त्याची बंडी धरली. "कशाला आणलंत इथे?"

"वाऱ्यासाठी."

"मग वाऱ्याचं सांगायचं होतंत!"

"सांगितलं होतं, जमाईराज. तुम्ही विचारलंत, मासा कुठे सापडलाय."

जेठोचा हात बंडीवर तसाच राहिला. आणि तेव्हा वायरलेस खरखरला. पवनबेन. पण ही रोजची नव्हती; ती वाचत नव्हती, विचारत होती. वादळ रात्रीत वळलं होतं. तिनं जागा सांगितली. काल दुपारी ज्या पाण्यात त्यांची जाळी होती, तीच. आत्ता, या घटकेला, तिथे.

"त्या भागात कुणी आहे का?" ती म्हणाली. "कुणीही असेल तर उत्तर द्या."

वीस होड्यांवर तोच आवाज वीसदा उमटला.

"कुणी आहे का? कृपा करून उत्तर द्या." तिचा आवाज फाटला.

जेठोनं बंडी सोडली. त्यानं वायरलेस उचलला.

"पवनबेन," तो म्हणाला. "तिथे कुणी नाही. सगळे इथे आहोत. शियाळ बेटाला. वीसच्या वीस."

पलीकडे ती रडत होती की खरखर होती ते कळलं नाही.

सगळ्यांनी मागे बघितलं. बेटाच्या खडकावरून पश्चिमेचं आभाळ दिसत होतं. ती भिंत आता चालत होती. दूर, खूप दूर, उत्तरेला जात होती, आणि एवढी दूर असूनही ती बघायला मान वर करावी लागत होती. तिच्या पोटात विजा पेटत होत्या, विझत होत्या, त्यांचा गडगडाट इथपर्यंत पोचतच नव्हता. हरजीनं टोपी काढली. आपण किती एवढेसे आहोत, हे वीस होड्यांना एकाच वेळी कळलं होतं.

"तांडेल," खालून लखमचा आवाज आला. तो बर्फाच्या कप्प्यात उतरला होता. "तांडेल, होडी कुरकुरतेय."

"सांधा सुटला असेल."

"सांधा नाही. तू ये."

वेलजी खाली उतरला. जेठोही उतरला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. कप्प्यात अंधार आणि बर्फाचा गारवा. वेलजीनं तळाच्या फळीला कान लावला.

ओल्या ढोलाच्या कातड्यावर कुणी बोट घासावं तसा आवाज. एक. मग दुसरा. मग दहा. मग इतके की ते मोजण्याचे राहिले नाहीत, एकच घुमणारा नाद झाला, होडीच्या कण्यातून वर येऊन दातांत शिरणारा. लखमनं ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात गोल गोल वलयं उठत होती.

वेलजीच्या आजोबानं हा आवाज एकदा ऐकला होता, वेळूची काठी पाण्यात सोडून, कानाला लावून. वेलजीनं तो कधीच ऐकला नव्हता.

"घोळ," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "घोळी आहेत. थव्यात त्या अशाच गातात."

"किती?"

वेलजीला खोटा आकडा सुचेना. खरा तर कुणालाच सुचला नसता. वरून हाका येऊ लागल्या. हरजीच्या होडीखाली, तुळशीच्या होडीखाली, सगळ्या होड्यांखाली तोच नाद. वीस होड्यांचा तळ एका ढोलासारखा वाजत होता.

जेठो उठला आणि वर धावला. "जाळी सोडा!" तो ओरडला, आणि त्याच क्षणी वादळाचा उरलासुरला हात बेटावरून आला. दोर ताणले. कुणाला नांगराच्या दोरावरचा हात काढता येईना. जाळं उचललं तर ते वाऱ्यानं पतंगासारखं उडालं आणि डोलकाठीला गुंडाळून बसलं. सबंध खारवा समाजाची पक्की घरं हातभर पाण्याखाली गात होती, आणि दोनशे माणसं दोर धरून उभी होती, एकाला बोट उचलता येत नव्हतं. हरजी रडत होता आणि हसत होता.

जेठो पुन्हा खाली आला, भिजून चिंब. वेलजी अजून फळीला कान लावून पडला होता. जेठो त्याच्या शेजारी बर्फावर पालथा झाला आणि त्यानंही कान टेकला.

वर वारा किंचाळत होता. खाली तो नाद चालू होता, एकसारखा, न घाबरता.

"बापा," जेठो म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं."

"नाही."

"साडूचा फोन खरा होता. सांगा ना आता तरी. कुणाला सांगत नाही मी."

"मोंघीची शपथ, मला माहीत नव्हतं. मी बनवलं ते. बसल्या जागी."

जेठोनं मान डोलवली. ती डोलवताना या वेळी तो वेलजीच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्या शपथेतला एक शब्दही त्यानं मानला नव्हता.

"मग ते इथे का आलेत?" जेठोनं विचारलं.

वेलजीनं फळीवर तळहात ठेवला. थरथर त्याच्या कोपरापर्यंत चढली.

"त्यांनाही लाटेचा कोपरा कळला असेल," तो म्हणाला. "पळून आलेत, जमाई. आपल्यासारखेच."

बर्फाचा गारवा दोघांच्या अंगात शिरत होता, तरी कुणी उठलं नाही. एका लाकडी फळीच्या वर माणसं लपली होती आणि खाली मासे लपले होते, आणि बेटापलीकडे ते प्रचंड काहीतरी अजून चाललंच होतं.